पोट भरलेला माणूस

निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "त्याचं पोट भरलेलं आहे, तो कशाला खाईल?" उमेदवार कधी बिल्डर असतो, कधी कारखानदार, कधी तीन कॉलेजं आणि एका दूध डेअरीचा मालक. वाक्य तेच. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, "शून्यातून एवढा व्याप उभा केला, त्याला वॉर्ड चालवणं काय जड?"

पहिल्या वाक्यावर फार वेळ घालवायला नको. २०२४ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्राच्या आमदारांची प्रतिज्ञापत्रं 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेने तपासली, तेव्हा त्यांतले ९७ टक्के कोट्यधीश निघाले. पोट भरल्यावर खाणं थांबत असतं तर आपल्या विधानसभेइतकं सोवळं सभागृह देशात दुसरं सापडलं नसतं. (या प्रतिज्ञापत्रांत व्यवसायाच्या रकान्यात पुष्कळदा 'शेती व व्यवसाय' एवढंच लिहिलेलं असतं. कसला व्यवसाय, हे वाचणाऱ्याने ओळखायचं.)

दुसरं वाक्य मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण ते बोलणारी माणसं भाबडी नसतात. सातबाऱ्यावरच्या एका अक्षराच्या चुकीसाठी त्यांनी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत हेलपाटे घातलेले असतात. काम होताना कसं दिसतं ते त्यांना एकदा बघायचं असतं, आणि धंदेवाल्या माणसाला काम उरकता येतं यात शंका नाही. दर महिन्याच्या सात तारखेला पगार करायचे म्हणजे काय, जीएसटीची नोटीस आली की झोप कशी उडते, हे त्याला ठाऊक असतं. जन्मभर नुसतं राजकारण केलेल्याला ते सांगूनही कळत नाही. अशी माणसं सभागृहात असावीत. माझी अडचण फक्त 'म्हणून' या शब्दाशी आहे. धंदा चालवला, म्हणून राज्यही चालवेल.

आमच्या सोसायटीत हा प्रयोग होऊन गेला आहे. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेल्या एका गृहस्थांना आम्ही आग्रह करकरून अध्यक्ष केलं. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी लिफ्टच्या मेंटेनन्सचं कंत्राट निम्म्यावर आणलं, दोन वर्षं गळणारी टाकी आठवड्यात दुरुस्त करून घेतली, थकबाकीदारांची नावं जिन्यात लावली. सगळे खूश. मग वीजबिल कमी करायचं म्हणून रात्री अकरानंतर लिफ्ट बंद ठेवायचं त्यांनी एकट्यानेच ठरवलं. चौथ्या मजल्यावर आजारी आजी होत्या, पाचव्यावर दुसरी पाळी संपवून बाराला घरी येणारी नर्स. वार्षिक सभेत दोन्ही घरच्यांनी विचारलं, हे कुणाला विचारून केलंत? अध्यक्षांचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. माणूस खरोखरच गोंधळला होता. "अहो, पण महिन्याला पैसे वाचतायत," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, जवळजवळ स्वतःशीच, "आमच्या वर्कशॉपमध्ये असं कुणी विचारत नाही."

हिशेब त्यांचा बरोबरच होता. पण वर्कशॉपमधली माणसं त्यांनी पारखून घेतलेली होती. सोसायटीतली आजी त्यांनी निवडलेली नव्हती, आणि तिला काढूनही टाकता येत नव्हतं.

धंद्यातल्या यशाचा मोठा भाग 'नको' म्हणण्यात असतो. कुठलं गिऱ्हाईक नको, कुठल्या मालात हात घालायचा नाही, कुठली शाखा बंद करायची. राज्याला ही मोकळीक नसते. एसटीचं बघा. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून आजतागायत तिच्या तोट्याची चर्चा चालू आहे. एखाद्या हुशार उद्योजकाच्या हाती एसटीचं वेळापत्रक दिलं तर तो एका दुपारीत तोट्याच्या फेऱ्यांवर लाल रेघ मारील, आणि पहिली रेघ पडेल डोंगरातल्या गावाच्या मुक्कामी गाडीवर. रात्री आठ-दहा माणसं घेऊन ती गावात जाते, पहाटे कॉलेजची चार पोरं आणि भाजीच्या दोन पाट्या घेऊन तालुक्याला येते. कोष्टकात ती फेरी चूकच आहे. पण त्या गावातली पोरगी बारावीला जाते की दहावीनंतर घरी बसते, हे त्या गाडीवर ठरतं, आणि तो नफा एसटीच्या ताळेबंदात कुठल्याच ओळीत येत नाही. एसटीचा तोटा पवित्र आहे, असं मला म्हणायचं नाही. गाड्यांची देखभाल, सुट्या भागांची खरेदी, डेपोच्या जागांचा वापर यांत धंद्यातली शिस्त आली तर हवीच आहे. मुक्कामी गाडी ठेवायची की नाही, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट न्यायचं की नाही, बायकांना अर्धं तिकीट परवडतं का, हे प्रश्न मात्र वेगळ्या जातीचे आहेत. त्यांवर भांडावं लागतं, सभागृहात आणि सभागृहाबाहेर. ते भांडण म्हणजे वेळेचा अपव्यय, असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने राजकारणात येऊ नये.

अमेरिकेत हर्बर्ट हूव्हर खाणींच्या धंद्यात श्रीमंत झाले, १९२९ मध्ये अध्यक्ष झाले, आणि महामंदीपुढे हतबल ठरले. हॅरी ट्रुमन यांचं कॅन्सस सिटीतलं कपड्यांचं दुकान १९२२ मध्ये बुडालं, पुढे कितीतरी वर्षं ते देणी फेडत होते, आणि त्यांची कारकीर्द आज वरच्या रांगेत धरतात. अशा जोड्या लावून काही सिद्ध होत नाही. उलट बाजूच्याही लावता येतील. मला शेजारचं एक उदाहरण जास्त शिकवून जातं.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर खाणमालक होते. पोर्तुगीज गेल्याला दोन वर्षं होत असताना, १९६३ च्या डिसेंबरात, त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने पहिली निवडणूक जिंकली, आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत, मधले काही महिने सोडले तर, तेच मुख्यमंत्री राहिले. 'यशस्वी उद्योजक तोच यशस्वी राज्यकर्ता' म्हणणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही. गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ चा कूळ कायदा आला आणि भाटकारापुढे, म्हणजे जमीनदारापुढे, मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या कुळाला बोट ठेवायला कागद मिळाला. 'भाऊसाहेब' हा शब्द गोव्यात अजून जिव्हाळ्याने उच्चारला जातो.

पण यातलं खाणीने काय शिकवलं होतं? कूळ कायदा कुठल्या ताळेबंदातून निघत नाही. गावात शाळा काढायची म्हणजे ज्यांच्याकडून आयुष्यात एक रुपया परत यायचा नाही अशांवर पैसा लावायचा. बांदोडकर ज्या बहुजन समाजातून आले, त्याला शाळेचं दार किती दूर असतं आणि पैसा आला तरी मान कसा येत नाही, हे पुरेपूर माहीत होतं. त्यांचं बळ तिथलं होतं. खाणीने त्यांना सवड दिली, साधनं दिली, आणि भाटकाराचा मिंधा न होण्याची ऐपत दिली. हे कमी नाही. पण ही ऐपत त्या काळी गोव्यात दुसऱ्याही खाणमालकांकडे होती.

त्यांच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रसंग तर हरण्याचा आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, हा त्यांच्या पक्षाचा मुख्य मुद्दा. त्यासाठी १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. ज्या एका गोष्टीसाठी पक्ष उभा होता, तीच लोकांनी नाकारली. आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत त्याच लोकांनी विधानसभेत पुन्हा त्यांच्याच पक्षाला निवडून दिलं! दुकानात असं होत नाही. मुख्य माल परत पाठवणारं गिऱ्हाईक दुकानाच्या किल्ल्या तुमच्याच हातात ठेवून जात नाही. खुर्ची सोडून कौलाला सामोरं जाणं, हरणं, आणि हरल्यावर त्याच दारात पुन्हा मत मागायला उभं राहणं हे एक वेगळंच कसब आहे. बाजारात ते कधी लागत नाही, म्हणून तिथे ते शिकताही येत नाही.

बांदोडकरांबद्दल एक गोष्ट मात्र टोचत राहते. कूळ कायद्याने भाटकाराच्या जमिनीला हात लावला. खाणींच्या पोर्तुगीज काळातल्या कायमस्वरूपी सवलती तशाच राहिल्या. त्या मोडून त्यांचे मुदतीचे भाडेपट्टे व्हायला १९८७ साल उजाडावं लागलं, आणि तोही कायदा संसदेचा. खनिजं हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय, तेव्हा याचा दोष एकट्या बांदोडकरांच्या पदरात टाकणं अन्यायाचं होईल. तरी मनात येतंच, की मुख्यमंत्री स्वतः खाणमालक नसते तर हा प्रश्न कुणी दिल्लीत आधी लावून धरला असता का? याचं उत्तर देता येत नाही, आणि हितसंबंधांची खरी अडचण हीच आहे. माणूस कितीही सज्जन असला तरी त्याने न केलेल्या कामाकडे बोट जातं, आणि ते खोडून काढायला त्याच्याकडेही काही नसतं. गोव्यात पुढे खाण आणि राजकारण इतकं एकमेकांत मिसळत गेलं, की बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणी थांबवाव्या लागल्या आणि २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द करावे लागले.

महाराष्ट्रात यावर कुणी म्हणेल, आमच्याकडे धंद्यातून राजकारणात यायची वाट सहकारातून गेली, ती बरी होती की. होतीच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला साखर कारखाना उभा केला, तिथे शंभर एकरवाल्याला एक मत आणि दोन एकरवाल्यालाही एकच. चेअरमनला दरवर्षी सर्वसाधारण सभेत उभं राहावं लागे. भाव कमी का दिला, काट्यावर वजन कमी का भरतं, पुतण्याला नोकरी कशी लागली, हे धोतर-टोपीतला माणूस माइक हातात घेऊन विचारी. वसंतदादा पाटलांसारखे नेते या शाळेतून आले आणि मुख्यमंत्री झाले. धंदा आणि मतपेटी दोन्हींची परीक्षा तिथे एकाच वेळी होत होती. पुढे सभा पाच मिनिटांत 'मंजूर, मंजूर' म्हणत गुंडाळल्या जाऊ लागल्या, निवडणुका बिनविरोध होऊ लागल्या, कारखाने डबघाईला येऊन खासगी हातांत गेले, आणि २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळच रिझर्व्ह बँकेला बरखास्त करावं लागलं. ती शाळा आता तशी उरलेली नाही.

नंदन निलेकणी यांचं उदाहरण उलट्या बाजूने द्यावंसं वाटतं. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक. २००९ मध्ये सरकारने त्यांना आधारच्या प्राधिकरणाचं अध्यक्ष केलं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. सरकारी कामात इतका झपाटा क्वचितच दिसतो, आणि तो त्यांच्या उद्योगातल्या अनुभवाने आला हे मान्यच करायला हवं. पण त्या झपाट्यात कायदा मागे राहिला. २०११ च्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीने आधारचं विधेयक परत पाठवलं. कायदा झाला २०१६ मध्ये. तोपर्यंत कोट्यवधी लोकांचे अंगठे आणि डोळे घेऊन झाले होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार वैध ठरवलं, पण खासगी कंपन्यांना ते वापरू देणारी तरतूद रद्द केली. समितीचे प्रश्न, कोर्टातल्या तारखा हा उद्योजकाला खोळंबा वाटतो. ज्याच्या बोटांचे ठसे घिसाडकाम करून झिजले आहेत आणि म्हणून रेशनच्या यंत्राला जो ओळखू येत नाही, त्याच्यासाठी तेवढंच एक दार असतं. २०१४ मध्ये निलेकणी दक्षिण बंगळुरातून लोकसभेला उभे राहिले आणि दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. मला यात कुणाचाच अपमान दिसत नाही. त्यांच्या कसबाचा उपयोग देशाने करून घेतला होता. त्यासाठी त्यांना मत द्यायलाच हवं होतं असं नाही.

इतका वेळ पात्रतेबद्दल बोललो, पण खरा घोळ तिथे नाहीच. यशस्वी धंदेवाला चांगला मंत्री होईल की वाईट, हे माणसागणिक ठरेल. मंत्री झाल्यावर त्याची पेढी कुठे जाते, हे मात्र माणसागणिक सोडून चालत नाही.

आज्ञापत्र या मराठी राज्यनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी सावकारांना राज्याची शोभा म्हटलं आहे, त्यांना मानाने वागवावं असं बजावलं आहे. लगेच पुढे टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांबद्दल, सावध केलं आहे, की हे सावकारी करताना दिसतात पण इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राज्य आहे. शंभरएक वर्षांनी शनिवारवाड्यावर निशाण चढलं ते एका व्यापारी कंपनीच्या सरकारचं. 'कंपनी सरकार' हे दोन शब्द आपले आजे-पणजे सहज एकत्र बोलत. आपल्याला ते एकत्र ऐकून आता काहीच वाटत नाही, ही गंमत आहे.

थायलंडमध्ये थाक्सिन शिनावात्रा टेलिफोनच्या धंद्यात अब्जाधीश झाले आणि २००१ मध्ये पंतप्रधान. स्वतःला ते सीईओ पंतप्रधान म्हणवत. गरिबांना तीस बाहतात (बाहत हे तिथलं चलन) दवाखाना त्यांनी दिला, आणि ते काम खरोखर मोठं होतं. मग २००६ च्या जानेवारीत टेलिफोन कंपन्यांतल्या परकी मालकीची मर्यादा वाढवणारा कायदा लागू झाला, आणि पुढच्या काही दिवसांतच त्यांच्या कुटुंबाने आपल्या कंपनीतला हिस्सा सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक संस्थेला ७३ अब्ज बाहतांना विकला, तोही कर न भरता. सगळं कायद्यात बसतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. लोक रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. लष्कर आलं हे वाईटच झालं. पण लोकांचा संताप दवाखान्याच्या चिठ्ठीने शमला नाही, हेही खरं.

आपल्याकडे हा प्रश्न फार लवकर आणि फार स्वच्छपणे विचारला गेला होता, तोही भंडाऱ्यात. पहिल्या लोकसभा निवडणुकीत तिथून काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी निवडून आले. ते एका बिडी कंपनीत भागीदार होते, आणि ती कंपनी फौजेच्या कॅन्टीनला बिड्या पुरवत होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तेव्हा असं होतं, की स्वतःच्या नावाने किंवा आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याच्या नावाने सरकारी कंत्राटात कुणाचा हिस्सा किंवा हितसंबंध असला, तर तो अपात्र. माल असो, बांधकाम असो की सेवा. १९५४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने जसाणींना अपात्र ठरवलं. लाचेचा पुरावा लागला नाही. अर्ज भरताना कंत्राट चालू होतं, तेवढं पुरलं. (राखीव जागेवरच्या एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळल्याचा मुद्दाही त्याच खटल्यात होता.) मग भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली, तीच ती, जिच्यात डॉ. आंबेडकर राखीव जागेवर उभे राहिले आणि हरले. पोटनिवडणूक सगळ्यांना आठवते. ती कशामुळे लागली, हे कुणाला आठवत नाही.

त्यानंतर तो कायदा आक्रसत गेला. १९६६ पासूनचं कलम ९-अ सांगतं, की उमेदवाराने स्वतः आपल्या धंद्याच्या ओघात सरकारशी केलेलं, माल पुरवण्याचं किंवा काम करण्याचं कंत्राट चालू असेल तरच तो अपात्र. 'हितसंबंध' हा शब्द गेला. सेवाही गेल्या, आज सरकारी कचेऱ्यांतले सुरक्षारक्षक, सफाई कामगार, डेटा ऑपरेटर पुरवण्याचे ठेके निघतात, ते या व्याख्येत येतच नाहीत. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, त्यामुळे तिचं कंत्राट भागधारकाच्या अंगाला चिकटत नाही. कलम १० मध्ये सरकारी भांडवल असलेल्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांना बंदी आहे, त्यातून सहकारी संस्था नावानिशी वगळल्या आहेत. महाराष्ट्राला याचा अर्थ समजावून सांगायला नको. आणि गावाकडे? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत' हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तो सदस्य राहू शकत नाही. नगरसेवकालाही साधारण असाच नियम आहे. म्हणजे गटाराच्या कामात पाच पैसे अडकलेला पंचायत सदस्य घरी जातो, आणि ज्याच्या कुटुंबाच्या कंपनीने राज्यभर रस्ते बांधले तो बांधकाम खात्याचा मंत्री व्हायला कायद्याची हरकत नाही.

हल्ली विधानसभेच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि त्यांच्या खासगी कंपन्यांची सरकारी कंत्राटं विचारली जातात. विचारली जातात, एवढंच. लिहिलं म्हणून कुणी अपात्र होत नाही, आणि स्वतंत्र राहणारा कमावता मुलगा 'अवलंबित' नसतो. १९५१ चे ते दोन शब्द, 'हितसंबंध' आणि 'सेवा', परत आणायला घटनादुरुस्ती लागत नाही, साधी कायदा दुरुस्ती पुरते. ती कुठल्या सभागृहाने करायची आहे हे लक्षात घेतलं तर घाई का दिसत नाही ते कळतं.

आमचे सोसायटीचे जुने अध्यक्ष यंदा नगरसेवकपदासाठी तयारी करत आहेत. परवा पत्रक द्यायला घरी आले, चहा घेतला. लिफ्टचा विषय त्यांनीच काढला, हसून म्हणाले, तेव्हा चुकलंच. मला माणूस आवडतो. आमच्या शहरातल्या बागांतली बाकं आणि झाडांभोवतीच्या लोखंडी जाळ्या त्यांच्या वर्कशॉपमधून जातात, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी विचारलं, "महापालिकेचं काम आता सोडावं लागेल ना?"

"ते केलं की गेल्या महिन्यातच," ते म्हणाले. "मुलाच्या नावावर. वकिलाला विचारूनच केलं."